पेवातला मध

कांद्याच्या गोंड्यांवरचा मध
सुरुवातीला कांद्यासारखाच वास मारतो.
मग वास आपणहून निघून जातो,
कुठे जातो ते मला माहीत नाही.
भोकरदनच्या अलीकडे, बियाण्याच्या प्लॉटांवर
माझ्या बावीस पेट्या भाड्याने जातात.
बी कंपनीचं, मध माझा,
असा करार.

त्या वर्षी तेरा डबे निघाले.
मी ते पत्र्याच्या खोलीत ठेवले
खताच्या पोत्यांशेजारी.
मध नासत नाही म्हणतात ना.
खरंच आहे. बुरशी आली नाही, फसफसला नाही.
मेमध्ये पत्र्यावर टाकलेल्या कुरडया
दुपार व्हायच्या आत कडक व्हायच्या,
आणि खाली, बंद झाकणाआड,
मध कोऱ्या चहाच्या रंगाला जात होता.
कुणाला काही दिसलं नाही.
दिसलं असतं तर बरं झालं असतं.

जालन्यात मोईनुद्दीन अत्तारांच्या दुकानात
मी डबा उघडला.
म्हटलं, जंगलातला आहे,
म्हणून काळा.
त्यांनी करंगळी बुडवली, जिभेवर ठेवली,
डोळे मिटले.
बाहेर एक टेम्पो मागे येत होता,
त्याचं टूं टूं संपेपर्यंत ते बोलले नाहीत.
मग म्हणाले, "इसकू धूप लगी है, बाई."
एवढंच.
शरबताला चालेल, दव्यात नाही, म्हणत
निम्म्या भावात तेराही डबे ठेवून घेतले
आणि जंगल कुठलं ते विचारलं नाही.
येताना बसमध्ये मी उन्हाच्या बाजूला बसले.

आमच्या अंगणात पेव आहे.
ज्वारी होती तेव्हा भरलेलं असायचं.
सोयाबीन घरात थांबतच नाही,
मळणीवरूनच आडतीला जातं,
म्हणून पेव सतरा वर्षं रिकामं,
वर बाज टाकलेली.
बाज उचलली, फरशी सरकवली,
दोरीला कंदील बांधून आत सोडला.
विझला.
दुसऱ्या दिवशीही विझला.
खालची हवा शिळी असते, ती माणूस ओळखत नाही.
तिसऱ्या दिवशी ज्योत उभी राहिली
तेव्हा मी शिडी लावली.
पोल्ट्रीवाल्या नागोरावांचा थर्मामीटर सोबत नेला होता.
अंगणात त्रेचाळीस,
खाली सव्वीस.
कितीतरी वेळ मी तिथेच उभी राहिले,
कामाशिवाय.

तेव्हापासून डबे खाली.
झाकणांच्या कडेने मेण ओतते,
कारण मध ओल पितो, गुपचूप,
आणि मग खरंच आंबतो.

पौषात मात्र वरच्या बाटल्या गोठतात.
पटवेकर मास्तर पिशवीतून एक घेऊन आले,
आत पांढरट, रवाळ, हिवाळ्यातल्या तुपासारखा.
"साखर विकायलीस व्हय?"
मी त्यांना बसवलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतकं
पाणी कोमट केलं,
बाटली त्यात उभी केली.
चूल बंद.
पाणी निवलं की बदलत राहिले.
मास्तरांनी पेपर वाचला,
मग छोट्या जाहिराती वाचल्या,
मग मागच्या आठवड्याचा पेपर मागितला.
थंडीने त्याचं काही बिघडवलं नव्हतं,
नुसता चेहरा पाडून बसला होता.
कडेने आधी सुटला,
मग मधला गोळा हलला,
आणि दिवेलागणीला बाटलीतून पलीकडची भिंत दिसू लागली,
पिवळी.

मास्तरांनी चमच्याने चाखला.
पुन्हा चाखला.
कपाळाला आठी घालून म्हणाले,
"मागे कुठंतरी, अगदी मागे,
कांदा लागतोय का गं यात?"

हो, मी म्हटलं.
कांद्याचाच आहे.