पायाळू

मिरची एकच होती.
खुडलेल्या ढिगातून घरंगळून
सातऱ्याच्या कडेला पडलेली, देठासकट.
सकाळीच वीस किलोचं पोतं उचललं होतं मी,
काही झालं नाही.
हिच्यासाठी वाकले
आणि कमरेत कोणीतरी
ओलं लुगडं पिळावं तसं पिळलं.
वर येता येईना, खाली बसता येईना.
"काय पाहून राहिली वो जमिनीत?" कौतिका म्हणाली,
"धन गवसलं का?"
मग एकेक करून सगळ्या हसायच्या थांबल्या.

भिवापूरला नेलं ते मिरचीच्याच गाडीत,
पोत्यांवर पालथी.
वाटेत एकच शिंक आली.
एकच पुरे होती.
डॉक्टरनं पाय सरळ धरून वर उचलला,
माझं ओरडणं ऐकलं, कागदावर लिहिलं:
तीन आठवडे. फळीवर झोपणे. वाकायचे नाही.

गादी निघाली, गोठ्याचं जुनं दार खाटेवर आलं
आणि माझ्यासमोर आले कवेलू.
मोजते. दर वेळी आकडा वेगळा.
एक फुटका आहे, त्यातून उन्हाचा रुपया पडतो,
सकाळी रांजणावर, दुपारी माझ्या पोटावर,
मग भिंत चढून जातो, खर्च न होता.
बोटं अजून जळतात,
हातांना कोणी सांगितलंच नाही काम बंद आहे म्हणून.

पहिल्या रात्री नवऱ्यानं भांडं धरलं
आणि तोंड भिंतीकडे केलं.
मीही डोळे मिटले.
चोवीस वर्षांच्या संसारात
इतके लाजलो नव्हतो आम्ही.
त्याच्या वरणात हळद दोनदा पडते, मीठ राहून जातं.
खाते. चांगलं झालं म्हणते.

"उसण भरली हे," म्हातारी रखमी म्हणाली,
"गोळ्यांनं नाई जात. पायाळू पाहा कोणी."
सगळ्या गप्प.
गावात पायाळू एकच,
पायांकडून जन्मलेली,
या भिंतीच्या पलीकडे राहणारी
माझी जाऊ, पंचफुला.
अकरा वर्षं बोललो नाही आम्ही.
वाटणीत सासऱ्यानं पाटा मला दिला, वरवंटा तिला,
त्याला वाटलं, न्याय केला.

बोलावलं कोणी नाही.
तिसऱ्या दिवशी आलीच. चप्पल दाराशी काढली.
"पालथी हो."
अकरा वर्षांत दोन शब्द.
पाय ओला होता, भांडी घासून आल्यासारखा,
टाचेच्या भेगा पोलक्यात अडकल्या.
मनात आणलं असतं तर मोडली असती मला तिनं.
पण तव्यावरच्या पोळीला
फडक्यानं दाबतो ना आपण, फुगावी म्हणून,
तेवढंच दाबलं.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा थांबली.
माझं तोंड फळीत, नाकात जुन्या शेणाचा वास.
"च्या घेऊन जाय, वयनी," नवरा म्हणाला.
तोवर चप्पल वाजत गेली होती.

दुखणं तसंच आहे, खोटं कशाला बोलू.
डाव्या पायात मुंग्यांचं वारूळ आहे अजून.
पण अकराच्या सुमारास
भिंतीपलीकडून आवाज येतो.
खर्र. खर्र. मग सटकल्याचा, मग शिवी.
वरवंटा आहे, पण खाली गुळगुळीत फरशी.
ठेचा पळतो, ती गोळा करते, पुन्हा.
रोजच येत असेल हा आवाज.
मी त्या वेळी सातऱ्यावर असते.

पाटा माझ्या खाटेखाली आहे,
नेमका कमरेखाली,
त्यावर उंदराचा पिंजरा ठेवलेला.
काढायचा तर वाकावं लागेल.
वाकायचे नाही, लिहून दिलंय डॉक्टरनं.
अजून बारा दिवस.
पोरगा सतराचा झाला, त्याला उचलेल,
सांगितलं तर.

खर्र. खर्र.
आज मिरच्या जास्त घेतल्यात तिनं,
भिंतीवरून ठसका येतोय.
मी नाक दाबून धरते.