भावाचा पोऱ्या

फुआदच्या दुकानापासून ब्रीतेसच्या दुकानापर्यंत
बावन्न पावलं. गर्दी असली तर सत्तर.
माझं काम एवढंच:
जायचं, त्याच्या पाटीवरचा आकडा बघायचा
आणि तोंडात धरून परत यायचं,
मांजर पिल्लू आणते तसं.

एकशे एकोणनव्वद, मी सांगतो.
फुआद ओल्या फडक्यानं पाटी पुसतो,
एकशे अठ्ठ्याऐंशी लिहितो.
तोवर तिकडून मिर्ना निघालेली असते.
रस्त्याच्या मधोमध आम्ही एकमेकांना ओलांडतो,
ओळख न दाखवता.

फोन तोच. काच तीच.
एका रात्री एकाच कंटेनरमधून उतरवलेला माल,
मीच उतरवलाय, दोघांचाही.

पुलापलीकडून ब्राझीलची माणसं येतात,
तीन चलनांत घासाघीस करतात,
दोन डॉलरसाठी आईची शपथ घेतात,
मग खोकं तिथंच टाकून
फोन मोज्यात सरकवतात, जकातवाल्याला दिसू नये म्हणून.
खोकी गटाराकाठी साचतात. पांढरी, गुळगुळीत,
झाकण उचललं की अजून उसासा टाकणारी.
माझी आई त्यांत मिरचीचं बी ठेवते.

मंगळवारी मी खोटं बोललो.
ब्रीतेसकडे एकशे पंचाहत्तर होतं.
मी एकाहत्तर सांगितलं.
का, ते विचारू नका. ऊन होतं.
माझ्या शब्दाला काय भाव येतो
ते एकदा बघायचं होतं.

फुआदनं मानही वर केली नाही. सत्तर लिहिलं.
मिर्ना पळाली. तिकडे एकोणसत्तर.
मग शेजारचे, मग वरच्या मजल्यावरचे,
दुपारी अख्ख्या गल्लीत तो फोन एकशे चाळीसला
आणि गिऱ्हाईक हातात घेऊन, उलटासुलटा करून विचारतंय,
यात खोट काय आहे?
सकाळी महाग म्हणून परत गेलेली माणसं
आता स्वस्त म्हणून परत गेली.

रात्री फुआदनं गल्ला मोजला.
बाजार पडलाय, म्हणाला,
आणि माझ्या मजुरीतले चार डॉलर कापले.
नेमके चार.

कोपऱ्यावर दोन्या झुनिल्दा उखळीत पाला कुटत होती.
तेरेरे, पाच हजार ग्वारानी.
तिच्या ओळीत आणखी सहाजणी बसतात,
सगळ्यांचं पाच हजार.
त्यांच्यात कुणी पोर पळवत नाही.

मिर्ना आधीच तिथं होती.
माझेही कापले, म्हणाली. मी विचारलं नव्हतं.
दोघांत मिळून एकच पेला घेतला, एकच नळी,
गार, कडू, पुदिन्याचा.
तिनं ओढला, नळी न पुसता माझ्याकडे दिला
आणि रस्त्यापलीकडच्या पाटीकडे बघत म्हणाली,
उद्या किती सांगायचं?