पाचपैकी

हेड ऑफिसचा फॉर्म आलाय. एकच प्रश्न.
‘ऑनलाइन प्रशिक्षणाबाबत व्यवस्थापक म्हणून
आपण किती समाधानी आहात?’
खाली पाच गोल, पोकळ,
डावीकडचा रुसलेला, उजवीकडचा हसरा.

आकडे चांगले आहेत, नाही कशाला म्हणू.
एकशे बारा माणसं, एकशे बारा प्रमाणपत्रं.
पूर्वी अख्खा दिवस प्लांट बंद ठेवावा लागे.
ठाण्याहून सर यायचे रबाळ्याला, घाम पुसत,
प्रोजेक्टर पेटेपर्यंत निम्मी मंडळी पेंगलेली,
आणि समोशांचं बिल माझ्या नावावर.
आता समोसे नाहीत.
कँटीनमध्ये, बसथांब्यावर, संडासातसुद्धा
शिकतात माणसं, असं नोंदींवरून दिसतं.

नागनाथने चाळीस मिनिटांचा धडा
सहा मिनिटांत संपवला. शंभरपैकी शंभर.
विचारलं, तर म्हणाला, साहेब, उत्तरं ग्रुपवर होती.
मी रागावलो. रागावणं माझ्या खुर्चीला शोभतं.
माझा धडा तर आवाज बंद करून
दुप्पट वेगाने पळाला होता टेबलावर
आणि मी गेटपासवर सह्या करत होतो.
प्रमाणपत्र माझ्याही नावाचं आहे. सोनेरी काठाचं.

म्हणून चार.
चार हा सभ्य आकडा.
पाच दिले तर वाटतं वाचलंच नाही,
तीन दिले तर पुण्याहून फोन येतो.
चारला कुणी विचारत नाही, चार का.

बोट टेकणार, तेवढ्यात दारात द्वारका भोईर.
पॅकिंग. कंत्राटी. गोठिवलीहून चालत येते.
वर्ग भरायचे तेव्हा शेवटच्या खुर्चीत असायची,
हजेरीच्या कागदावर तेवढी उमटायची.
‘सर, तो डोळे धुवायचा व्हिडिओ
अकरा वेळा बघितला मी.’
अकरा?
‘एकदा पोरगी रडत होती. एकदा नेट गेलं.
मग कळेना, म्हणून परत परत.
त्याला थांबवता येतं ना.
सरांना कसं थांबवणार?’

छान, म्हटलं मी.
ती गेली नाही.

‘त्यात सांगितलंय, लागलं डोळ्यात काही
तर दहा सेकंदांत नळ गाठता आला पाहिजे.
जेवणाच्या सुट्टीत चालून बघितलं, मोबाइल लावून.
आपल्या टेबलापासून चोवीस लागतात.
मधे ड्रम आहेत.
आणि सर, मी डोळे उघडे ठेवून चालले.’

हेल्मेट सरळ करून ती गेली
आणि मी त्या पाच गोलांकडे बघत बसलो.
‘इतर सूचना’मध्ये दोनशे अक्षरं मावतात.
लिहिलं. खोडलं.
तो नळ तिथं मीच बसवून घेतला होता,
पाण्याची लाइन जवळ होती, तीस फूट पाइप वाचला.
त्या वर्षी बचतीसाठी टाळ्या वाजल्या माझ्यासाठी.
दहा सेकंदांची गोष्ट धड्यात होती म्हणे.
माझ्या वेगाने ती पाचात सरली असणार.

सहा वाजता शेड रिकामी झाली.
वॉचमनला सांगितलं, दिवे राहू देत,
आणि हसू आलं, कारण दिव्यांचा उपयोग नव्हता.
पॅकिंगच्या टेबलाला पाठ लावून उभा राहिलो.
डोळे मिटले. मोजायला लागलो.

चारला पॅलेटची कड, नडगीवर.
नऊला ड्रम. थंड. त्याला वळसा,
पण कुठल्या बाजूने?
बाराला हात कॉस्टिकच्या पोत्यांवर.
खिशात फोन थरथरला,
नक्की तोच असणार:
आपला अभिप्राय अपूर्ण आहे.

एकोणीस. वीस.
डोळे उघडावेत असं फार वाटलं.

एकतीस.
नळ टपकतोय कुठेतरी,
उजवीकडे, बहुतेक.