गरम होऊन नाही राहिलं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी जाहीर केलं,
"गीझर गरम होऊन नाही राहिला."
मानकापूरच्या आमच्या घरात
सकाळी पारा आठावर,
आणि बाबा टॉवेल गुंडाळून
कंट्रोल रूममध्ये उभे राहावं तसे न्हाणीच्या दारात.

एकतीस वर्षं कोराडीला, बॉयलरवर.
पाचशे चाळीस अंशांची वाफ
त्यांच्या तोंडून घरात यायची
एखाद्या हट्टी नातेवाइकासारखी:
आज रुसली होती,
आज रात्रपाळीत नीट वागली.
खरी वाफ दिसतच नाही, म्हणायचे.
पाइप फुटला तर आवाज येतो, जागा कळत नाही.
झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं,
दांडा कापला गेला की थांबायचं.
मी शाळेत हे सांगितलं तेव्हा
बाईंना खोटं वाटलं होतं.

तर असा माणूस
पंधरा लिटरच्या टाकीपुढे हरायला तयार नव्हता.
आधी टेस्टर. दिवा लागला.
मग एमसीबी, दोनदा खाली-वर.
मग थर्मोस्टॅटचा स्क्रू पेचकसानं पिळत
पन्नास, साठ, सत्तर.
मग म्हणाले, बोअरचं पाणी, कॉइलवर खार धरला असणार.
कॉइल काढली. धरलाच होता,
खरवडला तर वाटीभर निघाला.
कॉइल रात्रभर व्हिनेगरच्या तपेल्यात.
आई म्हणाली, आता या तपेल्यात वरण शिजवा तुम्हीच.

जुन्या डायरीत लॉगशीट आखली,
वेळ, रीडिंग, शेरा.
६.१० चालू.
६.३० कोमट.
६.४५ कोमट.
नवं वॉशर. कोमट.
नवा थर्मोस्टॅट, बर्डीवरून, चारशे वीस रुपये. कोमट.

रविवारी गोधनी रोडचा प्रज्वल ढोके आला.
नळाखाली बोट धरलं,
झटकन काढून कानाच्या पाळीला लावलं.
"काकाजी, पाणी तं उकळून राहिलं ना बाप्पा!"
बाबांनी त्याच्याकडे पाहिलं,
नवख्या हेल्परकडे पाहावं तसं.
मग बादलीत हात घातला, मनगटापर्यंत.
ठेवला.
आईनं पदर तोंडाशी नेला.
न्हाणीतला आरसा धुकटून गेला होता.
"कोमट," बाबा म्हणाले.
हात बाहेर आला तो बिटासारखा लाल,
आणि ते त्या हाताकडे असे बघत होते
की हा कोणाचा.

प्रज्वलनं स्क्रू पंचेचाळीसवर आणून ठेवला.
व्हिजिटचे दीडशे झाले, म्हणाला,
पण घेतले नाहीत.
जाताना जिन्यात मला विचारलं,
"शुगर हाये का त्यायले?"

चौदा वर्षं आहे.
ऑक्टोबरात बर्डीवरून चालत आले
तेव्हा एकाच पायात चप्पल होती.
दुसरी कुठे निसटली, त्यांना घरी येईतो कळलं नव्हतं.
आम्ही केवढे हसलो होतो तेव्हा.
तेही हसले होते.

आता हातावर मलम आहे, पट्टी आहे,
डॉक्टरांनी पायांच्या बोटांना ट्यूनिंग फोर्क लावून
आमच्याकडे न बघता काहीतरी लिहिलं आहे.
गीझर उत्तम चालतो.
सकाळी न्हाणीत आधी मी जाते,
बादलीत हात घालते,
आणि बाबा बाहेर स्टुलावर, मांडीवर डायरी.
"रीडिंग?"
"ठीक आहे."
"ठीक हे रीडिंग नसतं."
"चाळीस असेल."
"असेल?"
"चाळीस."
मग पेन चालल्याचा आवाज.

काल ते आत गेल्यावर मी पान उघडून पाहिलं.
तारीख, वेळ, चाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात त्यांचं ते ठाशीव, उभं अक्षर:
टाकी, कॉइल, वायरिंग निर्दोष.
सेन्सर गेला आहे.
तात्पुरती व्यवस्था केली.