पाठीचं माप

सीताबर्डीच्या मेन रोडवर, तिसऱ्या दुकानात
पोरानं विचारलं, "मॅडम, क्रिकेटची किट ठेवता का?"
मी म्हटलं, लांबी साडेतीन फूट, वजन चार किलोच्या आत,
आणि चालताना आवाज नको.
त्यानं एक निळी बॅग काढली, वर हिमालय छापलेला.
चेन ओढली तर भर दुपारी
अख्ख्या फुटपाथला कळलं.

मग गड्डीगोदाम.
तिथं मुश्ताकभाई ऑटोचे हुड शिवतात,
एप्रिल लागला की कूलरची कव्हरं,
लग्नसराईत बँडवाल्यांच्या ढोलांना खोळी.
"बंदुकीले?" त्यांनी दातातली सुई काढली.
"शिकारीले बंदी हाय नं, बाई?"
ओळखपत्र दाखवलं. वनविभाग, बचाव पथक.
"झोपवायची बंदूक आहे," मी म्हटलं.
खरंच होतं ते. बहुतेक दिवस.

भिंतीकडे तोंड करून उभं केलं मला.
मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप.
"सोळा. दुकानातली बॅग अठराची असते.
तुमची पाठ आखूड हाय."
एक्केचाळीस वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं,
ना आईनं, ना भरतीच्या डॉक्टरनं.

एका जुन्या खोळीत दोन विटा अन् एक पाना टाकून
त्यांनी पाठीवर बांधलं. "जाऊन या चहाच्या ठेल्यापर्यंत."
गेले. आले. खांदे भरून आले.
मग पट्टा खाली सरकवला, थेट कमरेच्या हाडांवर,
अन् असा आवळला की श्वास आधी अडला, मग बसला.
विटा तेवढ्याच होत्या.
पण आता त्या कडेवरच्या पोरासारख्या,
चालणाऱ्याच्याच अंगाचा भाग.
"बायकांले हे ठाऊक असते," ते म्हणाले,
"बॅगा शिवतात माणसं. मीबी त्यातलाच."

वेल्क्रो नको, मी म्हटलं.
उमरेडकडच्या एका नाल्यात
वेल्क्रो फाडल्याचा तो आवाज
अन् चाळीस पावलांवर पसरलेली वाघीण
कान आधी, मग डोकं, मग सगळीच उठली.
त्यांनी बाभळीच्या खुंट्या दाखवल्या, बोटाएवढ्या,
दोरीच्या फासात अडकवायच्या.
नळी डोक्याच्या वर नको, बांबूत अडकते.
रंग हिरवा नको, मे महिन्यात आमच्या जंगलात हिरवं काय असते?
गळून पडलेल्या सागाच्या पानाचा द्या.

उजव्या खांद्यावर टेप लागला तशी मी दचकले.
"काहून? लागलं?"
जुनं आहे.
दोन वर्षांपूर्वी सही-शिक्क्याचा आदेश होता,
बंदूक दुसरी होती,
गोळी गोळीच होती.
अकरा दिवस पऱ्हाटीतून, तुरीतून, ओढ्याच्या काठानं.
सुतळीसारखा तो पट्टा मांसात उतरत गेला.
अकराव्या दिवशी बार दुसऱ्यानं टाकला.
मी फक्त वाहिली.

"उजवीकडे फोम कमी घाला," मी म्हटलं.
"थोडं टोचू द्या."

मुश्ताकभाईंनी खडू खाली ठेवला.
"टोचलं का चालणं बिघडते.
चालणं बिघडलं का हात हालते.
हात हालला अन् तुमची झोपेची सुई
पोटात गेली, डोळ्यात गेली,
मंग त्या जनावरानं काय करावं?"
दोन्हीकडे सारखाच फोम घातला.
मला दाखवला नाही, दाबून पाहायला लावला.

शनिवारी आणायला गेले.
अकराशे ठरले होते, हजारच घेतले,
उरलेल्या कॅनव्हासचा एक छोटा खिसा
डाव्या बाजूला जास्तीचा शिवलेला.
"हा कशाले?" तर म्हणे, "तुम्हालेच ठाऊक."

त्यात मी फडकं ठेवते,
झोपवलेल्या जनावराच्या डोळ्यांवर टाकायचं.
सुती आहे, घरीच धुते,
बाकीच्या कपड्यांत घालत नाही.
अजून एकदाच वापरलंय.
कोंढाळीजवळ, संत्र्याच्या बागेत, एका बिबट्यावर.
उन्हं कलली होती.
त्याचा श्वास चालू आहे का बघायला वाकले
तेव्हा बंदूक पाठीवरच होती
अन् मला ती आठवली नाही.