व तत्सम

मार्चात मासळी बाजार बंद केला तेव्हा
गेटला साखळी मीच लावली.
आत चोवीस ओटे, धुऊन कोरडे,
आणि एक मांजर, जी दोन दिवस
ओटा क्रमांक सातसमोर बसून राहिली.

साहेबांनी कामं वाटून दिली.
कर निरीक्षक थर्मामीटर घेऊन नाक्यावर,
शाळा क्रमांक दोनमध्ये चौदा दिवस चाकरमानी;
फळ्यावर सुविचाराच्या जागी
कुणीतरी रोजचा ताप लिहायचं.
मी बाजार वसुली लिपिक. वसूल करायला काही उरलं नव्हतं.
मला मदतीची यादी दिली.

सभा मोबाइलवर झाली.
नगरसेवक कुबल यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता,
मागे पिवळी भिंत, न गेलेल्या आंब्याच्या पेट्या.
सगळे ओरडले, माइक, माइक.
त्यांचं म्हणणं इतिवृत्तात आलं नाही.
ठराव आला: ओटाधारकांना भाडे माफ,
एकूण रुपये अठ्ठेचाळीस हजार, समान वाटप.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.

चोवीस नावं. अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक बाई,
तोंडाला पदर, दोन फेरे.
"माझा नाव खंय आसा?"
म्हटलं, ओटा कुठला तुमचा?
ओटा नव्हताच. गेटाबाहेर, गटाराच्या फरशीवर
पाटी घेऊन बसणाऱ्या एकोणीस जणी,
त्यांचं रजिस्टर नसतं.

तिनं पिशवी उलटी केली.
दहा-दहा रुपयांच्या पावत्या, अकरा वर्षांच्या,
सुतळीत ओवलेल्या, बांगड्याच्या वासाच्या,
काहींना खवलं चिकटलेलं, अभ्रकासारखं.
प्रत्येकीवर: पाटी एक, रुपये दहा.
प्रत्येकीखाली माझी सही.
जुन्या पावत्यांवर नीट, आडनावासकट.
नंतर नंतर नुसती रेघ, कोळंबीच्या मिशीएवढी.

अकरा वर्षं रोज सकाळी मी तिच्यासमोर वाकलो
आणि नाव विचारलं नाही.
द्रौपदी मेतर.

ठराव टाइप व्हायचा होता.
‘ओटाधारक’पुढे मी दोन शब्द टाकले:
व तत्सम.
शाळेत शिकवलं होतं, मत्स्य तत्सम,
मासा तद्भव, तोंडातोंडांत झिजत आलेला.
एवढंच व्याकरण आयुष्यात उपयोगी पडलं,
तेही उलटं.

साहेबांनी प्रत वाचली. चष्मा पुसला.
"हे शब्द सभेत होते?"
म्हटलं, कुबल साहेब बोलत होते ना, तेव्हा बहुतेक.
ते बघत राहिले.
मास्कवरून माणूस वाचता येत नाही.
मग सही केली.

अठ्ठेचाळीस हजार, त्रेचाळीस जणी.
प्रत्येकीला अकराशे सोळा. बारा रुपये उरले,
ते किरकोळ जमा.
ओटा क्रमांक तीनच्या सकीना मजगावकर
पैसे मोजून माझ्याशी बोलायच्या थांबल्या.
त्यांचा मुलगा खलाशी, बोट कुठल्याशा बंदरात अडकलेली,
आणि दोन हजार त्यांनी धरलेले होते.
चूक त्यांचीही नव्हती.

ऑक्टोबरात बाजार उघडला.
चुन्याचे गोल आखले, गेटाच्या आतही, बाहेरही;
दुपारपर्यंत पाण्याने अर्धे पुसून गेले.
द्रौपदीबाईंनी दहाची नोट पुढे केली.
म्हटलं, डिसेंबरपर्यंत माफ आहे.
"पैशे नको तर नको. पावती फाड.
फुडच्या येळाक लागतली."

पुस्तक काढलं. नाव लिहिलं, पूर्ण.
रुपये: शून्य.
सही सावकाश केली.
मग आठवलं, कार्बन घातलाच नव्हता.
पुन्हा लिहिली, कार्बन नीट सरकवून.
खालची प्रत ऑफिसात राहते.