डावा हात

रबाळ्याच्या शेडमध्ये सकाळी सव्वानऊला
डाबरे सर माझ्या कोपराच्या वळणात
दोन थेंब ठेवतात. टाकत नाहीत, ठेवतात.
आज सदुसष्ट क्रमांक.
कागदाच्या पट्टीवर तो कालच पास झाला,
पण कागद जेवत नाही, जिना चढत नाही,
कागदाला कुणाचा राग येत नाही.
म्हणून मी.

आता उद्या सकाळपर्यंत हा हात माझा नाही.
धुवायचा नाही, त्याने कांदा धरायचा नाही,
डास चावला तरी बाम नाही.
फक्त तक्ता भरायचा: वेळ, वास, जोर, शेरा.

पहिल्यांदा लिंबू.
लिंबू तरी कसलं, ईडलिंबाची साल नखाने सोलताना
डोळ्यात उडतो तो बारीक फवारा.
मी दचकते. दर वेळी दचकते.
आणि वीस मिनिटांत ते निघालेलं असतं,
उंबऱ्यावरच बोलणाऱ्या पाहुण्यासारखं,
चपला न काढता, चहाला नको म्हणत,
सगळी बातमी सांगून अर्धा जिना उतरलेलं.
गिऱ्हाइकाला ते सहा तास बसून हवंय.
सर म्हणतात, बसवता येईल,
पण मग ते लिंबू नसेल,
लिंबाचा भिंतीवरचा फोटो असेल.

साडेदहाला मरवा.
हिरवा, जरासा कडू,
लग्नघरी वेणीत गुंफलेला आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत
डोक्याच्या उबेने मऊ पडलेला.
मागे कुठेतरी पुदिना शिट्टी मारून जातो.
बाजूच्या कारखान्यातून रबराची वाफ आली
की मी हात ओढणीत गुंडाळते,
तान्ह्या पोराला वारा लागू नये तसा.

चाचणीच्या दिवशी डब्यात सुकट नाही, लसूण नाही.
दहीभात खाते आणि दवण्याची वाट बघते.

दवणा दोनच्या पुढे.
माझ्यावर तो गोड होतो, पिकल्या फळासारखा, थोडा दारूकडे झुकलेला.
शेजारी फिरदौसच्या हातावर तोच दवणा, त्याच बाटलीतला,
औषधाच्या कपाटासारखा वागतो.
दवणा माणूस बघून बोलतो, सर सांगतात.
त्याचेच मला दिवसाला दीडशे जास्त.
फिरदौसला हे कळलंय. ती दोन दिवस
माझ्याशी कामापुरतंच बोलते.

संध्याकाळी घणसोलीला शेअर रिक्षात
मी डावा हात सगळ्यांपासून लांब धरून बसते.
घरी एका हाताने भाकरी थापते, ती नकाशासारखी होते.
सासू विचारते, काय गो, हात मोडलाय?
मी म्हणते, भाड्याने दिलाय.

रात्री नऊ: दवणा पातळ. खाली वाळा,
कोरड्या माठात पाणी ओतल्यासारखा.
रात्री अकरा: वाळा, आणि मी. कोण किती, सांगता येत नाही.
तक्त्यात 'मी' साठी शब्द नाही.
मी 'इतर' लिहिते.

पावणेबाराला लाइट गेली.
पंखा थांबत थांबत थांबला,
खाडीकडून वारा नाही, कोपरात घाम जमला,
आणि अंधारात, नाकाशी,
ईडलिंबू.
मी उठून बसले. नवऱ्याला हलवलं, बघ, बघ.
तो झोपेत म्हणाला, सरबत कर.

मोबाइलच्या उजेडात शेरा लिहिला:
'लिंबू परत आलं. पाच मिनिटं. मग गेलं.'

सकाळी सरांनी तक्ता वाचला, चष्मा काढला.
असं होत नाही, तांडेलबाई.
उडालेलं लिंबू खाली येत नाही.
मग वाकून त्यांनी कोपराशी नाक आणलं
आणि बराच वेळ तसेच राहिले,
मंदिरातली घंटा वाजून गेल्यावर
माणूस ऐकत राहतो तसे.
त्या वेळी काय करत होतात?
काही नाही. लाइट गेली होती. घाम आला.

सरांनी खिशातली छोटी वही काढली,
पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, मला उलटा दिसला: घाम.
गिऱ्हाइकाच्या कागदावर मात्र 'वीस मिनिटे' लिहिलं,
आणि अडुसष्टची बाटली उघडली.
डावा धुऊन घ्या, म्हणाले.
उजवा करा पुढे.